दोन धन्यांचा मुलूख

१७९२ च्या मार्च महिन्यात श्रीरंगपट्टणच्या तटाबाहेर तीन फौजांचे तळ पडले होते. एक इंग्रजांचा, एक निजामाचा आणि एक पेशव्यांचा. टिपू सुलतानाने अर्धं राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये देण्याचं कबूल केलं, दोन मुलगे ओलीस धाडले, आणि तिन्ही दोस्तांनी मुलूख सारखा वाटून घेतला. प्रत्येकाच्या पदरात सालिना चाळीस लाखांच्या आसपास वसुलाचा प्रदेश पडला. त्या तळावर पेशव्यांच्या वतीने हरिपंत तात्या फडके होते आणि निजामाच्या वतीने त्याचा दिवाण मशीरुल्मुल्क. दोघांनी एकाच शत्रूशी एकाच बाजूने मसलत केली.

त्यानंतर तीन वर्षं पुरी होत होती तोच, ११ मार्च १७९५ रोजी, हेच दोन दोस्त लातूरच्या पश्चिमेला बालाघाटाच्या उतारावर खर्ड्याच्या माळात एकमेकांवर तोफा डागत होते. दोन्हीकडे लाखाच्या वर माणूस जमलं होतं. तिसरा दोस्त, इंग्रज, बाजूला उभा राहून पाहत होता.

खर्ड्याची लढाई आपल्या शालेय पुस्तकात दोन ओळींत आटोपते: मराठे जिंकले, निजाम हरला, पेशवाईतला हा शेवटचा मोठा विजय. नांदेड, लातूर, उदगीर, कंधार इथल्या माणसाला तेवढ्यावर समाधान मानता येत नाही, निदान मला तरी येत नाही. कारण भांडण ज्या मुलखावरून होतं तो मुलूख आपला होता, आणि विजय झाल्यानंतरही तो दीडशेहून अधिक वर्षं निजामाच्याच राज्यात राहिला.

भांडणाचं मूळ वैरात शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. ते हिशेबात आहे. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले ते दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन. औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, बीदर, विजापूर, हैदराबाद असे ते सहा सुभे. नांदेड बीदर सुभ्यात मोडत असे. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा. पाचच वर्षांनी, १७२४ मध्ये, साखरखेड्याच्या लढाईनंतर निजामुल्मुल्क दक्षिणेत जवळजवळ स्वतंत्र झाला. त्यामुळे एकाच जमिनीवर राज्य एकाचं आणि हक्क दुसऱ्याचा, अशी स्थिती उभी राहिली. निजामाला हे कर वसूल करणारे मराठी कामाविसदार आपल्या अंमलात नको होते. पेशव्यांना कामाविसदारांवाचून पैसा हाती येण्याचा भरवसा नव्हता. १७२८ मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावांनी निजामाला कोंडलं, आणि मुंगी शेवगावच्या तहात चौथाईचा हक्क त्याच्याकडून मान्य करून घेतला. हक्क मान्य झाला, भांडण मात्र संपलं नाही. चौथा हिस्सा कशाचा धरायचा? कागदावरच्या जुन्या जमाबंदीचा की त्या साली प्रत्यक्ष हाती आलेल्या वसुलाचा? पाऊस गेला तर सूट कोणी द्यायची? फौजेच्या पायी उभं पीक तुडवलं गेलं तर तोटा कोणाच्या खाती लिहायचा?

या अमलाला लोक दुअमली म्हणत. दोन भावांच्या सामाईक विहिरीवरून जसं वर्षानुवर्षं पाळीचं भांडण चालतं, तसं हे चाललं. फरक एवढाच की इथे पाळीला बसलेली दोन राज्यं होती आणि मोट ओढणारा बैल रयत होती. पाटलाला निजामाच्या तहसीलदारापुढे उभं राहायचं आणि पेशव्यांच्या कामाविसदारापुढेही. ज्या परगण्यात एकाचं बळ कमी पडे तिथे दुसरा आपली बाकी आधी उगवून घेई. सनदेत हिस्सा चौथा होता. गावात तो त्या दिवशी कोणाची शिबंदी वेशीत उभी आहे यावर ठरे.

या हिशेबाची सर्वांत मोठी झाडाझडती झाली ती लातूर जिल्ह्यातल्या आजच्या उदगीरला. १७५९ च्या नोव्हेंबरात अहमदनगरचा किल्ला तिथल्या किल्लेदाराला फोडून पेशव्यांनी घेतला आणि युद्धाला तोंड फुटलं. सदाशिवरावभाऊ, विश्वासराव आणि रघुनाथराव फौज घेऊन पूर्वेला उतरले. समोर निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजाम अली. त्यांची एक फौज धारूरकडे होती. तिच्याशी मिळणी करण्यासाठी ते उदगीरहून औशाच्या रोखाने सरकत होते. त्यांनी तोफांचा फिरता कोट करून चालायचं ठरवलं. मराठी घोडदळाने चारी बाजूंनी वेढा आवळला, दाणावैरण तोडली, आणि रात्रंदिवस मारा चालू ठेवला. मराठ्यांच्या बाजूने या वेळी नवी गोष्ट होती. फ्रेंच पद्धतीने कवाइत शिकलेला, काही काळापूर्वीपर्यंत निजामाच्याच चाकरीत असलेला इब्राहिमखान गारदी आपल्या तोफा घेऊन भाऊसाहेबांकडे आला होता. एरवी मराठे तोफांच्या कोटाला भिडायला कचरत. इथे कोटाला उत्तर द्यायला त्यांच्याकडेही तोफा होत्या. १७६० च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला औशाजवळ निकराची चढाई झाली, कोट फुटला आणि निजामाने तह मागितला.

तहात सुमारे साठ लाखांचा मुलूख आला. अहमदनगर, दौलताबाद, बऱ्हाणपूर, अशीरगड, विजापूर अशी ठाणी आली. उदगीर मात्र निजामाकडेच राहिलं. जिंकलेल्यांनी तिथून काढता पाय घेतला, कारण उत्तरेची बातमी आली होती. १० जानेवारीला बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. जालना जिल्ह्यातल्या परतूरला खल झाला, आणि भाऊसाहेब मार्चच्या मध्याला तिथूनच उत्तरेला निघाले. इब्राहिमखानाचे गारदीही बरोबर गेले. पुढच्या संक्रांतीला पानिपत झालं. उदगीरच्या किल्ल्यात उदयगीर महाराजांच्या समाधीला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं की पानिपताची वाट याच भागातून निघाली होती! शाळेच्या सहली इथे येतात तेव्हा मुलांना हे कोणीतरी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पानिपतानंतर निजाम अलीने उदगीरचा वचपा काढायचा प्रयत्न केला. पुण्याच्या जवळ उरुळीपर्यंत तो आला आणि बराचसा मुलूख परत घेऊन गेला. सलाबतजंगाला कैदेत टाकून स्वतः गादीवर बसला. १७६३ मध्ये पुन्हा चालून येऊन त्याच्या फौजेने पुणं लुटलं, जाळलं. त्याच वर्षी १० ऑगस्टला गोदेच्या काठी राक्षसभुवनला कोवळ्या माधवराव पेशव्यांनी त्याचा पराभव केला. त्याचा कारभारी विठ्ठल सुंदर तिथे मारला गेला, आणि ब्याऐंशी लाखांचा मुलूख मराठ्यांना द्यावा लागला. इथून पुढे मात्र चित्र बदललं. माधवरावांनी निजाम अलीला शत्रू म्हणून संपवण्यापेक्षा शेजारी म्हणून बांधून ठेवायचं धोरण धरलं. १७६६ मध्ये दोघे समक्ष भेटले. १७८० मध्ये नाना फडणवीसांनी इंग्रजांविरुद्ध जी चौकडी जमवली तीत निजाम होता. १७८४ मध्ये यादगीरला नाना आणि निजाम भेटले, १७८६ मध्ये दोघांच्या फौजांनी मिळून टिपूकडून बदामी घेतली, आणि १७९० मध्ये इंग्रजांना घेऊन पुन्हा टिपूवर गेले. तीस वर्षांत वैर निवलं, दोस्ती जमली. थकबाकी मात्र दर साली वाढतच गेली. दोस्ती टिकवण्यासाठी तगादा पुढे ढकलायचा, आणि तगादा पुढे ढकलला म्हणून बाकी फुगायची, असं ते चक्र होतं. १७९४ पर्यंत मराठ्यांचा आकडा दोन कोटींच्या बराच वर गेला होता.

दोन्ही दरबारांत हा हिशेब मांडणारी शहाणी माणसं होती. हैदराबादेत पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे आणि गोविंदराव पिंगळे होते. निजामाकडून मीर आलम पुण्याला बोलणी करायला आला होता. वकिलाचं काम नुसतं बोलणी करण्याचं नसे. दरबारात कोण कोणाशी काय बोललं, कोणाच्या हवेलीत रात्री मशाली जळत होत्या, बाजारात काय बोललं जातं, तोफखान्याला बैल किती आले, हे सगळं लिहून धाडायचं. दरबारोदरबारी अखबारनवीस असत, जासूद आणि हरकारे असत. नाना फडणवीसांची बातमीची भूक प्रसिद्ध होती. त्यांच्या दप्तरात या पत्रांचे ढीग जमले, आणि मराठी इतिहासकारांनी पुढे त्यातूनच हा काळ उभा केला. म्हणजे अठराव्या शतकात राजकारणावरची चर्चा काही कमी वेगाने फिरत नव्हती. हैदराबादेत भर दरबारात टाकलेला टोमणा पुण्यात शनिवारवाड्याच्या सदरेवर पोहोचायचा, आणि तिथून तो पेठेत उतरायचा.

१७९४ मध्ये या चर्चेचा सूर बिघडला. माणसं जात चालली होती हे त्याचं एक कारण. त्या वर्षी फेब्रुवारीत महादजी शिंदे वारले, जूनमध्ये हरिपंत तात्या गेले. ज्यांनी श्रीरंगपट्टणला मशीरुल्मुल्काबरोबर एक मसलत केली होती, आणि दोन्हीकडच्या रागलोभात जे मध्ये पडू शकले असते, ते हरिपंतच राहिले नाहीत. दुसरं कारण मशीरुल्मुल्काचा आत्मविश्वास. फ्रेंच सरदार रेमाँ याने निजामासाठी कवाइती पलटणी तयार केल्या होत्या. त्यांच्या भरवशावर आता हिशेब द्यायची गरज नाही असं दिवाणाला वाटू लागलं. इंग्रज आपल्या पाठीशी उभे राहतील असाही त्याचा होरा होता.

काळ्यांनी बाकीची मागणी पुढे केली तेव्हा मशीरुल्मुल्काने भर दरबारात सांगितलं, की नानांनी स्वतः हैदराबादेस येऊन एकेक कलम समजावून द्यावं. नानांना पुण्याच्या कारभारातून सवड नाही, ते कसे येणार, असं काळे म्हणाले. त्यावर, कसे येणार ते मीच दाखवतो, असं त्याचं उत्तर. इतिहासकार ग्रँट डफने हा प्रसंग नोंदवला आहे. निजामाच्या छावणीत त्या दिवसांत काय बोललं जात होतं तेही त्याने लिहून ठेवलं आहे. पुणं लुटून जाळायचं, विजापूर आणि खानदेश परत घ्यायचे, आणि पेशव्याला लंगोटी नेसवून, हातात पाण्याचा लोटा देऊन काशीला गंगेच्या काठी मंत्र पुटपुटायला पाठवायचं, अशा वल्गना खुद्द दिवाण करत होता आणि कलावंतिणी विजयाची गाणी आधीच गात होत्या.

हे सगळं पुण्यात पोहोचत होतं, आणि त्याने जे घडलं ते माझ्या मते या प्रकरणाचा खरा कणा आहे. थकबाकीच्या आकड्यावर तडजोड निघू शकत होती. दोन्ही बाजूंनी कलमं मांडली होती. निजामाच्याही मराठ्यांविरुद्ध तक्रारी आणि उलट मागण्या होत्या, आणि त्यांतल्या सगळ्याच खोट्या नव्हत्या. पण लंगोटीच्या गोष्टीवर तडजोड कशी निघणार? ज्या क्षणी हिशेब बाजूला पडून एकमेकांच्या पागोट्याला हात घातला गेला, त्या क्षणी काळ्या-पिंगळ्यांसारख्यांचं काम संपलं. एकमेकांचं तोंड न पाहणारे मराठे सरदारही एका जागी आले. दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर रघूजी भोसले, परशुरामभाऊ पटवर्धन असे सगळे पेशव्याच्या झेंड्याखाली जमले. पैशाच्या बाकीने ते कधीच जमले नसते.

निजाम अली बीदरहून निघाला तो मांजरेच्या काठाकाठाने. म्हणजे फौज आजच्या लातूर जिल्ह्याच्या आसमंतातून गेली. एवढ्या फौजेला लागणारी कडब्याची गंजी, ज्वारी, पाणी, वेठीची माणसं आणि बैल वाटेवरच्या गावांनीच पुरवायचे. याची नोंद कोणत्याही तहनाम्यात नसते. काही वर्षांपूर्वी, १७९१-९२ च्या सुमारास, दख्खनने भीषण दुष्काळ सोसला होता. त्यातून उठणाऱ्या खेड्यांवरून ही फौज गेली.

प्रत्यक्ष लढाई थोडक्यात सांगण्यासारखी आहे. निजामाची फौज मोहरीच्या घाटाने खाली उतरली. मराठ्यांचं नेतृत्व परशुरामभाऊंकडे होतं. पहिल्या चकमकीत ते स्वतः जखमी झाले आणि थोडा वेळ मराठ्यांची फळी डळमळली. मग शिंद्यांच्या पलटणींच्या आणि भोसल्यांच्या माऱ्याने निजामाचं घोडदळ मागे सरलं. रेमाँच्या पलटणी चांगल्या लढत होत्या. पण निजाम अलीबरोबर त्याचा जनानखाना होता, तिथे भीती पसरली, आणि त्याने रेमाँलाही मागे बोलावलं. रात्री अंधारात ओढ्याकाठी कुठेतरी बंदुकांचे बार निघाले. त्यांनी सगळ्या फौजेत पळापळ झाली. निजाम खर्ड्याच्या लहानशा किल्ल्यात शिरला आणि तिथे कोंडला गेला. पाण्याचे हाल झाले. दोन दिवस तोफांचा मारा सोसून त्याने बोलणं लावलं. एवढ्या मोठ्या फौजांच्या मानाने रणात पडलेली माणसं फारच थोडी होती.

तहात दौलताबादचा किल्ला आणि परिंड्यापासून तापीपर्यंतची मुलखाची पट्टी, बाकी आणि खर्च मिळून तीन कोटी रुपये, आणि मशीरुल्मुल्क स्वतः पुण्यात ओलीस, अशी कलमं ठरली. नानांना धरून आणायला निघालेला दिवाण नानांच्या कैदेत आला. पुण्यात जल्लोष झाला, अनंत फंदींसारख्या शाहिरांनी खर्ड्यावर पोवाडे रचले. ज्या दरबाराने निजामाच्या छावणीतल्या वल्गनांवर रक्त आटवलं होतं, त्याच्या छावणीत आता तशाच वल्गना सुरू झाल्या. मशीरुल्मुल्क भेटीला आला तेव्हा एकविसाव्या वर्षातल्या सवाई माधवराव पेशव्यांचा चेहरा उतरलेला होता, आणि कारण विचारल्यावर ते जे बोलले त्याचा आशय असा: निजामासारख्यांनी इतक्या सहज मान तुकवावी आणि आपल्या लोकांनी न झुंजता मिळालेल्या जयाची एवढी बढाई मारावी, याचं दुःख होतं, दोन्हीकडे पाणी उतरलेलं दिसतं. ही आठवणही ग्रँट डफनेच दिली आहे. मराठी दौलत बुडवणाऱ्यांपैकीच तो एक, तेव्हा त्याला अशी गोष्ट आवडणार, हे खरं. तरीही त्या तरुण पेशव्याला जे दिसलं ते पुढच्या घडामोडींनी खरं ठरवलं.

२७ ऑक्टोबर १७९५ ला सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले. गादीचा घोळ सुरू झाला. नानांना आपल्याच सरदारांपासून जीव वाचवून महाडला जावं लागलं. तिथून पुन्हा सत्तेवर यायला ज्यांची मदत लागणार होती त्यांत निजाम एक होता. तेव्हा १७९६ मध्ये महाडला नानांनी ओलीस मशीरुल्मुल्काशीच करार केला: खर्ड्यात मिळवलेला मुलूख परत, उरलेली रक्कम माफ. दीड वर्षापूर्वी ज्यासाठी दोन लाखांवर माणूस माळात उभं केलं होतं, त्यातलं बहुतेक एका कागदावर सुटून गेलं.

या सगळ्यात कमाई तिसऱ्या दोस्ताची झाली. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअरने तटस्थ राहायचं ठरवलं होतं, म्हणून निजाम चिडला आणि त्याने आपल्याकडच्या इंग्रज पलटणींना निरोप दिला. पण लगेचच त्याचा मुलगा अलीजाह बीदरला बंड करून उठला, आणि पलटणी पुन्हा बोलवाव्या लागल्या. मराठ्यांची धास्ती मनात घर करून होतीच. १ सप्टेंबर १७९८ ला निजामाने नवा गव्हर्नर जनरल वेलस्ली याच्याशी तैनाती फौजेचा तह केला आणि फ्रेंच कवाइतीच्या पलटणी मोडून टाकल्या. १८०० मध्ये त्या फौजेच्या खर्चासाठी त्याने इंग्रजांना जो मुलूख लिहून दिला, तो नेमका टिपूच्या राज्यातून १७९२ आणि १७९९ मध्ये त्याच्या वाट्याला आलेला होता. दोस्तीच्या वाटणीत मिळालेलं सगळं दोस्तालाच गेलं. पेशव्यांची पाळी दोन वर्षांनी आली. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईला तशाच तहावर सही केली. १८१८ मध्ये पेशवाई गेली, १८२२ च्या तहाने इंग्रजांनी निजामाला चौथाईतून कायमचं मोकळं केलं. १७१९ पासून चाललेलं हिशेबाचं भांडण असं दोघांनाही न विचारता मिटलं.

आणि दुअमलीतला हा मुलूख एका धन्याकडे कायम झाला. उदगीर, औसा, कंधार, नांदेड हैदराबादच्या राज्यात, सोलापूर आणि अहमदनगर इंग्रजी अंमलात. या रेषेच्या एका बाजूला शाळा, छापखाने आणि वर्तमानपत्रं मराठीतून वाढत गेली. आपल्या बाजूला राज्यकारभार आधी फारसीतून आणि मग उर्दूतून चालला, आणि मराठी शाळेसाठी झगडावं लागलं. मराठवाड्याच्या मागासलेपणावर बोलताना आपण १९४८ च्या अलीकडचं बोलतो. त्या रेषेचा पाया मात्र खर्डा आणि महाडमध्ये आहे, असं मला वाटतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी अंमल संपला. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य तीन राज्यांत वाटलं गेलं, आणि जुन्या बीदर सुभ्याच्या मुलखातून पुन्हा रेषा फिरल्या, या वेळी भाषेच्या आधाराने. बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले. भालकी, औराद आणि बीदर म्हैसूरकडे गेले. नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर तालुक्याची बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं, मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळं आंध्रात गेली. उलट आदिलाबादेतून किनवट तालुका आणि बोथचं इस्लापूर मंडळ इकडे आलं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं. त्याचा जिल्हा १९८२ मध्ये झाला.

मांजरा बीदरकडून देगलूर, बिलोलीच्या अंगाने वाहत जाऊन कुंडलवाडीजवळ गोदावरीला मिळते. तिच्या पलीकडच्या काठावर आज तेलंगणा आहे. अलीकडच्या वर्षांत धर्माबाद, बिलोलीकडच्या काही गावांनी तेलंगणात जाण्याची मागणी केली, ती तिकडच्या शेतकऱ्याला मिळणारं पाणी, वीज आणि मदत पाहून. या मागणीवर दोन्हीकडे अस्मितेची भाषा सुरू झाली. गावकऱ्यांचं मागणं मात्र रस्ता, पाणी आणि वीज एवढंच आहे, आणि त्यांतल्या एकेका कलमाचा हिशेब मांडून देता येतो.